हातावर लावलेलं

तोंडातल्या टाचण्या ओठांच्या कोपऱ्यात सारून कटरबाईने नातीचे दोन्ही हात पंखांसारखे पसरवले.

"आता हलायचं नाही. विमान उडालं तर झगा उसवेल."

भिंगरी खिदळली. स्टुलावर उभ्या उभ्या तिचा एक पाय कधीच हवेत गेला होता. पोरगी एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून आजीनेच तिचं नाव भिंगरी पाडलं होतं. निळा झगा अजून कच्च्या टाक्यांवर होता. कमरेत बसला, खांद्यात बसला, छातीवर मात्र कापड ताणलं जात होतं. असं व्हायला नको होतं. नाट्यगृहाच्या कपडेपटात उभा जन्म राजे आणि शिपायांचे अंगरखे बेतण्या-कापण्यात गेलेली, म्हणूनच कटरबाई झालेली बाई; घरच्या पोरीच्या मापात ती चुकेलच कशी? तिने शिवण जरा सैल केली आणि कापड सारखं करायला वरून हात फिरवला.

"आई गं! दुखतं, आजी."

"टाचणी लागली?"

"नाही. आतून दुखतं."

कटरबाईने तोंडातल्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या. कापडावरूनच तिने हलकेच चाचपलं. कातडीखाली कोटाच्या बटणाएवढं काहीतरी घट्ट लागलं. तिने दुसरी बाजू पाहिली. तिथेही होतं. तिचं बोट आपसूक मागे आलं.

"कधीपासून दुखतंय गं?"

"खूप दिवस झाले," भिंगरी म्हणाली. तिच्या हिशोबात काल सकाळसुद्धा खूप दिवसांपूर्वी असे. "उतरू?"

ती उतरली ती थेट आजीच्या मांडीत. रोज दुपारी व्हायची तशी आजीच्या उघड्या हाताची उशी करून आडवी झाली, गाल घासून घासून आपली जागा केली आणि बघता बघता झोपली. कटरबाई त्या झोपलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग खिडकीकडे बघत राहिली. हात काढून घ्यावा असं तिला वाटलं. का वाटलं ते तिने स्वतःला विचारलं नाही.

संध्याकाळी लेक पोरीला न्यायला आली. जावई जहाजावर नोकरीला, महिनोन् महिने घराबाहेर; लेकीची नोकरी दिवसभराची. कपडेपटातलं काम आटोपून आजी दुपारी घरी असायची, म्हणून भिंगरी शाळेतून तिच्याकडे यायची ती दिवेलागणीपर्यंत.

"मलाही आंघोळ घालताना लागलं हाताला," लेक हलक्या आवाजात म्हणाली. "म्हटलं, पडली असेल कुठे. पण दोन्हीकडे कसं लागेल?"

"दाखवून घे. उगाच जिवाला घोर नको."

"घोर लागलाच आहे, आई," लेक म्हणाली आणि पोरीचे बूट घालू लागली.

* * *

मागचं वर्ष आठवलं तरी कटरबाईच्या अंगावर काटा येई. पाळी गेली आणि जाताना झोप घेऊन गेली. बसल्या जागी छातीतून वाफ उठायची, मानेवरून डोक्यात चढायची आणि अंग घामाने निथळायचं. भर बैठकीत समोरच्या माणसाचं नाव जिभेवर यायचं आणि परत फिरायचं. रडू यायचं तेही कारण न सांगता. आणि एक दिवस राजाच्या मखमली अंगरख्याच्या दोन्ही बाह्या तिने डाव्या हाताच्या कापल्या. तेवढं कापड पुन्हा मिळणार नव्हतं.

"अगं, राजाचे दोन्ही हात डावे," शेजारच्या खोलीतली टोपवाली हसून म्हणाली. नाटकांतले केसांचे टोप विणणारी ही बाई वयाने तिच्याच बरोबरीची, तोंडाची फटकळ. "म्हणूनच राज्य गेलं असेल त्याचं." मग कटरबाईचा चेहरा बघून तिचं हसू गेलं. "रात्रीची झोपतेस का तू?"

"झोप? तिचं तोंड पाहून युगं लोटली."

टोपवालीने तिला आपल्या सल्लागारबाईंकडे नेलं. पांढऱ्या भिंतींची, फुलांचा वास असलेली खोली. सल्लागारबाई मऊ बोलत. त्यांचं मलम वनस्पतींपासून काढलेलं होतं, आणि त्यातलं हार्मोन अगदी शरीरातल्यासारखंच होतं. बायोआयडेंटिकल. "तुमच्याच अंगातलं तुम्हाला परत देतोय आपण," त्या म्हणाल्या. "बाहेरचं काही नाही." बाटली साधी पांढरी. तिला खोका नाही, माहितीचा कागद नाही. रोज सकाळी हाताच्या आतल्या बाजूला लावायचं, बस्स.

एक अडचण होती. कटरबाईची धाकटी बहीण स्तनाच्या कॅन्सरने गेली होती, आणि मावशीचं शेवटचं आजारपण लेकीने डोळ्यांनी पाहिलं होतं. आईच्या तोंडून हार्मोन हा शब्द निघताच ती उसळली होती.

"काहीही घे, पण ते नाही. मावशीचं पाहिलंस ना? शपथ घे माझ्यासमोर."

"घेतली."

"अशी नाही. भिंगरीची घे."

कटरबाईने हसत हसत भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला होता. शपथेवर तिचा विश्वास नव्हता. रंगमंचावर रोज संध्याकाळी लोक शपथा घेतात आणि पडदा पडला की चहा पितात. महिना उलटला नाही तोच तिने मलम सुरू केलं आणि लेकीला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

आणि काय फरक पडला! झोप आली, आणि तीही अशी की सकाळी उशीवर गालाची घडी उमटलेली असे. शब्द जागच्या जागी आले. कातरीला धार आली. जिने चढताना ती गुणगुणू लागली. कपडेपटातल्या मुली म्हणू लागल्या, कटरबाईंना कोणीतरी भेटलेलं दिसतंय. "भेटलंय ना," ती डोळे मिचकावून म्हणायची, "मीच भेटलेय मला." नातीला उचलून गरगर फिरवायचं बळ आलं. सबंध वर्षात तिने पोरीला जेवढं कुशीत घेतलं नव्हतं तेवढं या काही महिन्यांत घेतलं. उघड्या हातांनी, सकाळी न्हाऊन, मलम लावून.

मांजरीचं तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. म्हातारी मांजरी, पिल्लं होऊ नयेत म्हणून कधीच ऑपरेशन झालेली, रात्री कटरबाईच्या हाताला चिकटून झोपणारी. तिच्या पोटावरचे केस गळू लागले आणि पिल्लं पाजणाऱ्या मांजरीसारखी तिची आचळं सुजली. जनावरांचे डॉक्टर बुचकळ्यात पडले. "हिच्या शरीराला वाटतंय हिला पिल्लं झालीत," ते म्हणाले. "घरात काही हार्मोनचं औषध वगैरे?" कटरबाईने नकारार्थी मान हलवली होती. मांजरीचा आणि आपल्या मलमाचा काय संबंध, असं तिला खरंच वाटलं होतं. निदान तिने तसं स्वतःला सांगितलं होतं.

* * *

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीचं रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला त्या दिवशी लेकीचा कपडेपटात फोन आला. कटरबाई तेव्हा जाड कापड कापत होती. तिने कातर टेबलावर ठेवली आणि पलीकडे इस्त्रीची वाफ फुसफुसत होती तिथून दूर जाऊन उभी राहिली.

"तिच्या रक्तात बाईमाणसाचं हार्मोन आहे, आई. मोठ्या बाईइतकं. एवढ्याशा पोरीत ते असूच नये म्हणतात. कुठून येतंय ते शोधायला हवं." लेकीचा आवाज कागदासारखा सपाट होता. "पोटात गाठ असेल तर तीसुद्धा असं करते. सोनोग्राफीत नीटसं दिसलं नाही. भूल देऊन मोठा स्कॅन करायचाय."

"गाठ?"

"असेल असं नाही म्हणाल्या. असू शकते म्हणाल्या." मग, "त्यांनी विचारलं, घरात कोणी मलम, गोळ्या, असलं काही वापरतं का. मी नाही म्हटलं. आई, तू नाही ना काही?"

कटरबाईने तोंड उघडलं. पलीकडून इस्त्रीवाली मोठ्याने हसली.

"नाही," कटरबाई म्हणाली.

शब्द गेला. परत बोलावता आला असता. फोन अजून कानाला होता, लेकीचा श्वास ऐकू येत होता. पण त्या एका शब्दामागे शपथ होती, शपथेमागे बहीण होती, आणि सगळ्यांच्या पुढे ते मागचं वर्ष तोंड वासून उभं होतं.

घरी जाऊन तिने दोन्ही हात साबणाने घासले, लाल होईपर्यंत घासले. मांजरी पायात घोटाळायला आली तशी तिला पायानेच बाजूला केलं. हे आपल्यामुळे नसेल, ती मनाशी म्हणत राहिली. एवढंसं मलम, कातडीतून कातडीत जायला ते काय शाई आहे? देवा, माझ्यामुळे नसू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ती न्हाणीघरात गेली, आणि आरशात न बघता तिने पुन्हा ते मलम हातावर लावलं. वरून लांब बाह्यांचा सदरा घातला आणि मनगटाची बटणं लावून टाकली.

स्कॅनच्या दिवसापर्यंत ती अशीच लांब बाह्यांत वावरली. भिंगरी कुशीत आली की ती काहीतरी निमित्त काढून उठायची. पाणी आणते, दार बघते, शिलाई राहिलीय. पोर हिरमुसून भिंतीशी जाऊन बसायची.

* * *

रुग्णालयात स्कॅनच्या खोलीबाहेर बाकं होती. भिंतीवर ढगांची चित्रं होती, मुलांना भीती वाटू नये म्हणून. भिंगरीला रुग्णालयाचा झगा घातला होता. पाठीमागे नाड्या, बाह्या कोपरापर्यंत, कुणाच्याच मापाचा नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ती रडत नव्हती. नुसती आईच्या मांडीवर बसून हाताला चिकटवलेल्या सुईच्या पट्टीकडे बघत होती. पोरीला इतकं गप्प कटरबाईने कधी पाहिलं नव्हतं.

एक परिचारिका आली आणि पोरीशी गोड बोलून तिला आत वजन करायला घेऊन गेली. दार मिटताना आतलं ते मोठं पांढरं यंत्र दिसलं, त्याच्या तोंडाशी अरुंद फळी, आणि फळीशेजारी भूल द्यायचा छोटासा मुखवटा. लहान मुलांच्या मापाचा. कुणीतरी तो मापाने बनवला होता.

लेक दाराकडे बघत म्हणाली, "गाठ निघाली तर काय करू मी, आई?"

कटरबाईने पिशवीत हात घातला. मलमाची बाटली तिने सकाळीच तीत टाकली होती. का टाकतेय हे न ठरवता. ती बाहेर काढून तिने लेकीच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"मी हातावर लावते. गेले कितीतरी महिने." तिला आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. "हार्मोन आहे. ती माझ्या हातावर झोपते ना रोज."

लेकीने बाटली उचलली. उलटी केली, सुलटी केली. वाचायला तिच्यावर काहीच नव्हतं.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली.

"हो."

"तू तिची शपथ घेतली होतीस."

"हो."

"काल रात्रभर मी तिच्या उशाशी बसले होते. तू घरी झोपली होतीस?"

कटरबाईला खोटं बोलता आलं नाही. "झोपले होते," ती म्हणाली.

समोरून एक बाप कडेवरचं बाळ घेऊन गेला. ते बाळ त्यांच्याकडे बघून हसलं. दोघींपैकी कोणी हसलं नाही. आता लेक ओरडेल, बाटली भिंतीवर फेकेल, नाहीतर उठून पाठ फिरवेल, असं कटरबाईला वाटलं. यातलं काहीही झालं असतं तरी तिला हलकं वाटलं असतं. पण लेक बाटली दोन्ही हातांत धरून बसली होती. मग ती बोलली, तीही आईकडे न बघता.

"देव करो आणि तुझ्यामुळेच असो."

मग उठून तिने आतल्या दारावर थाप मारली.

* * *

डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेतली आणि भुवया उंचावल्या, पण आवाज चढवला नाही. स्कॅन पुढे ढकलला. पोरीला आजीच्या अंगाचा, तिच्या चादरींचा, तिच्या कपड्यांचासुद्धा स्पर्श नको. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू. हार्मोन उतरलं तर सुटलो. नाही उतरलं, तर मग शोधावंच लागेल.

"औषध घेणं गुन्हा नाही," त्या जाता जाता कटरबाईला म्हणाल्या. "पुष्कळ बायकांना त्याची गरज असते. त्याचे नीट तपासलेले प्रकार आहेत, तुमच्या बहिणीचं सगळं सांगून एखाद्या तज्ज्ञाकडून घ्यायचं. पण हातावर लावलेलं हातावरच राहत नाही, एवढं तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं."

कटरबाईने मान हलवली. सांगितलं असतं तर आपण ऐकलं असतं का, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिने मलम बंद केलं, आणि दबा धरून बसलेलं मागचं वर्ष पहिल्याच आठवड्यात दार ढकलून आत आलं. वाफा आल्या. झोप गेली. कपडेपटात ती शब्द शोधत उभी राहू लागली आणि मुली एकमेकींकडे बघू लागल्या. तज्ज्ञाकडे जायचं तिने मनातल्या मनात पुढे ढकललं. पोरीचं कळेपर्यंत आपण बरं व्हायचं नाही, असं जणू तिने कुणाला तरी कबूल केलं होतं. घर गप्प होतं. हाताशी झोपायला येऊ नये म्हणून मांजरीला तिने स्वयंपाकघरात कोंडलं होतं. ती दारावर नखं घासायची तो आवाज रात्रभर यायचा.

टोपवालीला सांगायला म्हणून ती शेजारच्या खोलीत गेली. टोपवाली लाकडी डोक्यावर जाळी ताणून एकेक केस गाठीने बसवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मधे दोनदा "अरे देवा" म्हणाली.

"तूही बंद कर," कटरबाई म्हणाली. "तुझी सून नातवाला सोडते ना तुझ्याकडे?"

टोपवालीची सुई थांबली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत वळलेल्या होत्या. तिने हात जरा अंगाशी घेतले.

"मला झोप लागते गं आता," ती म्हणाली. आणि मग, "माझा तर नातू आहे. मुलगा. त्याला काय होणार त्याने?"

कटरबाई दारातच उभी राहिली. टोपवालीने मान खाली घातली आणि पुढचा केस ओढून गाठ मारली.

* * *

फोन आला तेव्हा कटरबाई कापायच्या टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या कापडावर खडूने रेघ मारत होती. लेकीचं नाव दिसलं आणि खडू रेघेवरच थांबला. त्या दिवसानंतर लेकीने एकदाही फोन केला नव्हता.

"आई!" लेक रडत होती. हसतही होती. "उतरलं! रक्तातलं सगळं उतरलं, सूजही मऊ पडलीय. गाठबीठ काही नाही, म्हणतात आता स्कॅनही नको. आई, तूच होतीस! तूच होतीस गं!"

"मीच होते," कटरबाई म्हणाली. ती पण हसली. डोळ्यांना लावायला पदर नव्हता म्हणून तिने टेबलावरची चिंधीच उचलून लावली. "बरं झालं. बरं झालं गं बाई, मीच होते."

दोघी थोडा वेळ तशाच हसत राहिल्या. मग लेकीचं हसू आधी थांबलं, आणि त्या शांततेत काय झालंय ते दोघींनाही नव्याने ऐकू आलं.

"तिला सध्या शाळेजवळच्या पाळणाघरात घातलंय," लेक म्हणाली. आवाज पुन्हा सपाट झाला होता. "काही दिवस तिथेच बरी ती."

"मी बंद केलंय सगळं. कधीच."

"हो. तू सांगतेयस ना."

कटरबाईच्या छातीतून वाफ उठली, मानेवर चढली, कपाळावरून घाम डोळ्यांत आला. पांढऱ्या कापडावर पडायला नको म्हणून ती टेबलापासून मागे सरकली. पलीकडे काहीतरी खुडबुड झाली, फोनची ओढाओढ झाली, आणि एकदम जवळून, श्वासासकट, भिंगरीचा आवाज आला.

"आजी, तू आजारी आहेस का? म्हणून मी येत नाही?"

घाम हनुवटीपर्यंत ओघळला होता. कटरबाईने तो बाहीने टिपला.

"होते," ती म्हणाली. "आता बरी झालेय."